सेंद्रिय शेतीसाठी सरकारी निधी कसा मिळवायचा: ग्रामसभेच्या ठरावापासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत

आमच्या गटाने पहिलं निवेदन दिलं तेव्हा त्यावर त्रेचाळीस सह्या होत्या. मागणी एकच: ‘सेंद्रिय शेतीला शासनाने प्रोत्साहन द्यावे.’ साहेबांनी ते हसतमुखाने घेतलं, फोटो काढला, आवक शिक्का मारून पोच दिली. पुढे काहीच हललं नाही, म्हणून माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव वर्ग.’ जिल्ह्याला दिलेला तो कागद तिथून तालुक्याला, तालुक्यातून मंडळाला उतरत शेवटी आमच्याच गावच्या कृषी सहायकाच्या पिशवीत येऊन पडला होता. त्याने त्याचं काय करायचं, हे आम्ही लिहिलंच नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते इथे मांडतो आहे. सरकारी पैसा कळकळीवर हलत नाही. तो लेखाशीर्ष (म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं), तारीख आणि टेबल या तीन गोष्टींवर हलतो. आपली कळकळ या तिघांपर्यंत नेऊन पोचवणं म्हणजे ही मोहीम.

पैसा मागायचाच कशाला?

हा प्रश्न आपल्याच गावात पहिल्यांदा विचारला जाईल, म्हणून उत्तर तयार ठेवा. रसायनं सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं उत्पादन बहुधा खाली येतं. जमिनीतला सेंद्रिय कर्ब सावकाश वाढतो, निंदणाची मजुरी वाढते आणि प्रमाणपत्र हातात नसल्यामुळे माल बाजारात साध्याच भावाने जातो. हंगामी पिकांना हा रूपांतरणाचा काळ साधारण दोन वर्षांचा, फळबागेला तीन वर्षांचा धरतात. हाच खड्डा एकट्या शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा आहे.

रासायनिक शेती स्वतःच्या बळावर उभी आहे, असंही नाही. ४५ किलोची युरियाची गोणी आपल्याला पावणेतीनशेच्या आत मिळते, कारण उरलेली किंमत केंद्र सरकार भरतं. २०२२-२३ मध्ये खतांवरचं हे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं होतं. त्या मानाने सेंद्रिय शेतकऱ्याचं मागणं फार लहान आहे. आणि २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ती किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. ते दिवस ज्यांनी जवळून पाहिले त्यांना या मोहिमेचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी १: आधी गट आणि वही

एकट्याने मागितलेलं कुणी ऐकत नाही, हे खरंच आहे. पण इथे गट लागतो तो योजनेच्या आकारामुळे. परंपरागत कृषी विकास योजनेत, म्हणजे सगळे जिला ‘पीकेव्हीवाय’ म्हणतात तिच्यात, गट २० हेक्टरचा धरतात आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २ हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. तेव्हा शक्यतो लागून असलेल्या शिवारातले पंधरा-वीस जण गाठा. वरच्या बांधाचा शेजारी तणनाशक मारत असेल तर खालच्या वावराचं सेंद्रियपण टिकत नाही. त्यामुळे नात्यातल्या माणसापेक्षा बांधाला बांध असलेला माणूस गटात असणं महत्त्वाचं.

प्रत्येकाची कागदं एका फाईलीत आणा: सातबारा, आठ-अ, आधार जोडलेलं बँक खातं आणि शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक लागतो. वीसपैकी दोघांचा नसेल तर अर्ज त्या दोघांपाशी अडतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारस नोंदीचं काम आजच हाती घ्या, ते सगळ्यात जास्त वेळ खातं.

आता वही. आमच्या गटाचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे दोनशे पानी साधी वही. कुठल्या वावरात शेणखत किती गाड्या, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) कितीदा, निंदणाला किती बाया किती दिवस, तूर किती पोती, भाव काय मिळाला, हे सगळं तारखेसह. शेजारच्या रासायनिक वावराचाही खर्च त्याच्या मालकाला विचारून लिहा. माती परीक्षण करून सेंद्रिय कर्बाचा आकडा पहिल्याच वर्षी नोंदवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी सुधारणा दाखवायला पहिला आकडाच नसेल. उत्पादन घटलं तर तेही लिहा. खड्डा भरायला आपण पैसे मागतो आहोत, तर तो किती खोल आहे हे आपल्याच वहीतून दिसलं पाहिजे.

वही चालू असतानाच पीजीएसमध्ये, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत, गटाची नोंदणी करा. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट चालतो. त्यात शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. निर्यात करायची असेल तर एनपीओपीचं, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून होणारं प्रमाणीकरण लागतं. आपल्यासारख्या छोट्या गटाला सुरुवातीला पीजीएस पुरतं.

पायरी २: योजना वाचा, आणि ‘सेंद्रिय’ की ‘नैसर्गिक’ ते ठरवा

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. फाईलीत ते वेगळे आहेत. ‘सेंद्रिय’मध्ये मान्यताप्राप्त निविष्ठा, म्हणजे खतं-औषधांसारख्या शेतीला लागणाऱ्या वस्तू, विकत आणता येतात आणि प्रमाणपत्र हा कणा असतो. ‘नैसर्गिक’मध्ये बाहेरून काही आणायचं नाही, देशी गायीचं शेण-गोमूत्र, आच्छादन आणि मिश्र पिकं यावर भागवायचं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, हाच विचार देशभर नेला.

निधी त्याप्रमाणे वाटला जातो. पीकेव्हीवाय २०१५ पासूनची, सेंद्रिय गटांसाठीची योजना. केंद्र ६०, राज्य ४० टक्के. राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तरतूद २,४८१ कोटी. त्यात देशभर १५ हजार गट आणि १० हजार जैव-निविष्ठा केंद्रं (जीवामृतासारखी खतं-अर्क तयार करून देणारी) धरली आहेत. राज्याचं डॉ. पंजाबराव देशमुख मिशन २०१८ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ‘जैविक शेती मिशन’ म्हणून सुरू झालं. अकोल्याहून चालणारं हे मिशन पुढे ‘नैसर्गिक शेती मिशन’ म्हणून राज्यभर वाढवलं गेलं. अर्जात चुकीचा शब्द पडला की फाईल दुसऱ्या टेबलावर जाते आणि तिथून परत यायला हंगाम जातो.

आकडेही स्वतः करून पाहा. पीकेव्हीवायच्या सुधारित निकषांनुसार तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये. त्यापैकी १५,००० निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात, ९,००० प्रशिक्षण व क्षमता बांधणीसाठी, ४,५०० विक्री-पॅकिंग-ब्रँडिंगसाठी, ३,००० प्रमाणीकरण आणि मालात उरलेल्या रसायनांच्या अंश तपासणीसाठी. म्हणजे २० हेक्टरच्या गटाला तीन वर्षांत ६ लाख ३० हजार, आणि त्यातले शेतकऱ्यांच्या हाती ३ लाख. एकरावर आणलं तर वर्षाला साधारण दोन हजार रुपये. निंदणाची एक पाळी तेवढ्यात जाते. निकष बदलत असतात, म्हणून चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत ‘आत्मा’च्या, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या, कार्यालयातून मागून घ्या. पण हा हिशेब गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असू द्या. मोठ्या आशा लावून आलेला माणूस पहिल्याच वर्षी गट सोडतो.

पायरी ३: मागणी एका वाक्यात लिहा

‘प्रोत्साहन द्यावे’, ‘विशेष लक्ष द्यावे’, ‘ठोस धोरण आखावे’ ही वाक्यं कापून टाका. त्याऐवजी असं लिहा:

‘मौजे ____ येथील १८ शेतकऱ्यांच्या २० हेक्टर क्षेत्राचा गट सन ____ च्या परंपरागत कृषी विकास योजनेच्या जिल्हा आराखड्यात समाविष्ट करावा.’

‘जिल्हा वार्षिक योजनेतून तालुक्याच्या ठिकाणी एक जैव-निविष्ठा केंद्र मंजूर करावे. जागा ग्रामपंचायत देत आहे, ठराव सोबत जोडला आहे.’

‘नगरपरिषदेने आठवडी बाजारात प्रमाणित सेंद्रिय मालासाठी चार ओटे दर रविवारी राखून ठेवावेत.’

तिसऱ्या मागणीला पैसा जवळजवळ लागतच नाही. अशी एक तरी मागणी यादीत हवी. ती लवकर मंजूर होते आणि गटाला धीर येतो. ज्याला तो निर्णय घेण्याचा अधिकार आहे त्याच्याच नावे प्रत्येक मागणी लिहा, बाकीच्यांना प्रत. पंतप्रधानांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांच्या नावे एकच पत्र काढलं की ते कुणाचंच राहत नाही.

पायरी ४: ग्रामसभेचा ठराव

निवेदनावरच्या सह्या आणि ग्रामसभेचा ठराव यांच्या वजनात फार फरक आहे. ठराव हा ग्रामपंचायत अधिनियमाखालचा दस्तऐवज आहे, त्याला क्रमांक असतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, रूढ दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. अर्धा गाव ‘कोरम नाही’ म्हणून घरी जातं, म्हणून आपल्या गटाच्या घरांतून माणसं आणायची जबाबदारी वाटून घ्या.

त्याआधी महिलांची सभा होते. तिथे हा विषय आधी मांडा, असं मी आग्रहाने सांगेन. फवारलेल्या वावरात निंदायला आणि कापूस वेचायला बायाच जातात. हातांची आग, डोळ्यांची जळजळ त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे मुख्य सभेत दोन जणांनी विरोध सुरू केला, तेव्हा मागच्या रांगेतून एक काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फवारा तुम्ही मारता, वेचाले आम्ही जातो.” विरोध तिथेच थांबला.

विषय अजेंड्यावर घ्या म्हणून ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी पत्र आठ-दहा दिवस आधी द्या. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये ढकललेला ठराव पुढे कमजोर पडतो. मसुदा आपणच लिहून न्या:

‘ग्रामसभा असा ठराव करते की, गावातील ____ शेतकऱ्यांच्या ____ हेक्टर क्षेत्रावर सेंद्रिय शेती गट स्थापन झाला असून, त्यास ____ योजनेतून मंजुरी मिळावी अशी शिफारस तालुका कृषी अधिकारी यांचेकडे करण्यात यावी. तसेच गट नं. ____ मधील ____ चौ. फूट जागा जैव-निविष्ठा केंद्रासाठी उपलब्ध करून देण्यात यावी व सदर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावे. सूचक ____, अनुमोदक ____. सर्वानुमते मंजूर.’

सभा संपल्यावर इतिवृत्तात तो जसाच्या तसा उतरला आहे का ते वाचा आणि सही-शिक्क्याची नक्कल मागा. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आराखड्यात कंपोस्ट खताच्या नाडेप टाक्या आणि गांडूळखताचे शेडही सुचवता येतात. रोजगार हमीच्या कामांच्या यादीत ही कामं बसत आली आहेत, चालू यादी पंचायत समितीत पाहून घ्या. नाडेप हे नावच आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांवरून पडलं आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी त्यांनीच रूढ केली.

पायरी ५: तारखा सांभाळा

आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. उत्तम प्रस्ताव आम्ही एप्रिलमध्ये नेला. वर्षाचा आराखडा तोवर ठरून गेला होता.

ऑक्टोबर ते जानेवारी हा पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचा काळ, म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोडायची नाही. हिवाळ्यातच जिल्हा वार्षिक योजनेचे प्रारूप आराखडे खात्यांकडून मागवले जातात. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती ते पाहते, आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. म्हणजे दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात आपला कागद कृषी खात्याच्या प्रस्तावात शिरला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पालकमंत्र्यांची खरीप आढावा बैठक होते. तिथे नवा निधी क्वचितच मिळतो, पण निविष्ठा वेळेवर पोचाव्यात, प्रशिक्षण पेरणीआधी व्हावं, असे मुद्दे मांडायला ती जागा योग्य.

फेब्रुवारीत एक चक्कर वेगळी मारा. मार्च एंडला अखर्चित निधी परत जायची वेळ येते. ज्याचा प्रस्ताव सगळ्या कागदांसह तयार असतो त्याला तेव्हा अचानक बोलावणं येऊ शकतं. आमच्या गटाचं पहिलं प्रशिक्षण असंच पदरात पडलं.

पायरी ६: अधिकाऱ्यांशी कसं बोलायचं

पीकेव्हीवायचं काम जिल्ह्यात ‘आत्मा’ यंत्रणा पाहते. जिल्ह्याला प्रकल्प संचालक, तालुक्याला तंत्रज्ञान व्यवस्थापक. वरची फळी तालुका कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी अशी. पायरी सोडून थेट वर गेलात तर खालचा माणूस दुखावतो, आणि शेवटी अहवाल त्यालाच लिहायचा असतो.

जाताना मोर्चा घेऊन जाऊ नका. तिघे जा: एक बोलणारा, एक लिहून घेणारा, एक बाई जिच्या स्वतःच्या वावराचा हिशेब पाठ आहे. बोलणं संपल्यावर एकच प्रश्न विचारा: “साहेब, यात अजून कुठला कागद कमी आहे?” उत्तर त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि आठवड्यात तो कागद घेऊन परत जा. घरी येऊन ‘आज झालेल्या चर्चेनुसार’ असं पत्र लिहा आणि त्याची पोच घ्या. माणसं बदलून जातात, पोच फाईलीत राहते.

आणि त्यांना शेतावर बोलवा. ऑगस्टमध्ये आच्छादनाखालची माती हातात घेऊन गांडुळं पाहिलेला अधिकारी वेगळा अभिप्राय लिहितो, हा माझा अनुभव आहे.

काहीच हललं नाही तर लोकशाही दिन आहे: तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी.

पायरी ७: माहितीचा अधिकार

हे शस्त्र भांडणासाठी उपसू नका, आपल्या प्रस्तावाला आधार मिळवण्यासाठी वापरा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

विचारायचं असं: ‘सन ____ ते ____ या काळात तालुक्यात परंपरागत कृषी विकास योजनेतून मंजूर गटांची गावनिहाय यादी; प्रत्येक गटाला मंजूर व प्रत्यक्ष खर्च निधी, बाबनिहाय; निविष्ठा पुरवठ्याच्या देयकांच्या प्रती; प्रत्येक गटाची प्रमाणीकरणाची सद्यस्थिती.’

‘योजना का राबवली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला बांधील आहेत. या उत्तरातून तालुक्याला किती निधी आला आणि किती परत गेला हे कळतं. निधी परत गेला असेल तर त्याहून बळकट मुद्दा दुसरा नाही.

पायरी ८: आमदार आणि शहरातले खाणारे

आमदारांना पाच पानी निवेदन देऊ नका. एका पानावर तीन आकडे, एक मागणी आणि ते विचारू शकतील असा तयार प्रश्न द्या. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विषय यावा असं वाटत असेल तर दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या स्वीय सहायकाला भेटा. प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही तरी खात्याला लेखी उत्तर तयार करावं लागतं, आणि त्यासाठी तालुक्यापासून माहिती वर मागवली जाते. आपली पडून असलेली फाईल त्या निमित्ताने उघडते.

पुण्या-मुंबईत जे ग्राहक आपला तांदूळ, डाळ, गूळ घेतात त्यांनाही कामाला लावा. त्यांचे आमदार वेगळे आहेत. एका सोसायटीतल्या पन्नास घरांनी आपल्या नगरसेवकाकडे शेतकरी बाजारासाठी जागा मागितली तर ती मागणी मतदाराची ठरते, आणि आपल्याला तिथे विक्रीची हक्काची जागा मिळते.

विरोधी प्रश्नांची तयारी

श्रीलंकेचं उदाहरण कुणीतरी काढणारच. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली, भात आणि चहा दोन्ही कोसळले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली. हे नाकारू नका. सांगा की आम्हीही एका रात्रीत बंदी मागत नाही, म्हणून तर तीन वर्षांचा आधार मागतो आहोत. सिक्कीमने २००३ मध्ये विधानसभेत ठरवलं, वर्षागणिक पावलं टाकली आणि जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली. मध्ये तेरा वर्षं गेली. सिक्कीमचं क्षेत्र सुमारे ७५ हजार हेक्टर, डोंगराळ, मुळातच खत कमी वापरणारं, हेही आपणच सांगावं. विदर्भाची कपाशी म्हणजे सिक्कीमची वेलची नव्हे. प्रामाणिकपणे एवढं कबूल केलं की समोरचा पुढचं ऐकतो.

मंजुरी आल्यावर

इथे बरेच गट ढिले पडतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. खरिपाच्या निविष्ठा दिवाळीत पोचणं, कधीच न भेटलेल्या लोकांची नावं गटात असणं, दोन वर्षं झाल्यावर प्रमाणीकरणाचा हप्ता थांबणं, हे सगळं मी पाहिलं आहे. म्हणून मंजुरीच्या पहिल्याच बैठकीत चार गोष्टी लेखी ठरवा. निविष्ठा बाहेरून येणार असतील तर पेरणीआधीची तारीख. जीवामृत, दशपर्णी अर्क (दहा झाडपाल्यांचं कीडनाशक) गावातच बनवायचा असेल तर पैसा थेट खात्यावर. पीजीएसच्या नोंदी कोण भरणार. आणि विक्रीसाठीच्या हेक्टरी ४,५०० रुपयांतून नेमकं काय घ्यायचं. वीस हेक्टरला ते ९० हजार होतात. आम्ही त्यातून छापील पिशव्या घेतल्या, आणि आज वाटतं की आधी डाळीची छोटी चक्की घ्यायला हवी होती. तूर विकून जे मिळतं त्याहून तुरीची डाळ विकून बरंच जास्त उरतं.

दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत खर्चाचा हिशेब गटानेच वाचून दाखवावा, कुणी मागायच्या आधी. आणि तिसऱ्या वर्षाच्या २ ऑक्टोबरला, पहिल्या गटाचं प्रमाणपत्र हातात यायच्या आतच, शेजारच्या शिवारातल्या दुसऱ्या वीस हेक्टरचा ठराव मांडायला घ्या. वही तयारच असेल.